एका तर्जनीचे गाऱ्हाणे

हे गजानना, पश्चिमेच्या समुद्राकडे तोंड करून बसलेल्या दयाघना, आधी तुझे स्मरण, मग बाकी सारे. सोंड वाकडी, पण भक्ताची वाट सरळ करणारा तू. दात मोडला, तर त्याच मोडक्या दाताची लेखणी करून लिहीत राहणारा तू. जे गेले त्यासाठी रडत बसू नये, जे उरले त्याने काम तडीला न्यावे, ही शिकवण स्वतःच्या मुखावरच मिरवणारा तू. देवा, आज जिची कथा सांगायची आहे तिलाही तू आपल्यासारखेच घडवलेस. दहा बोटे दिलीस आणि नऊ मागे घेतलीस. उरलेल्या एकाच्या मागे मात्र तू स्वतः उभा राहिलास.

तिचे नाव तुळसा शिवा गुरव. गाव गुहागर तालुक्यातले, खाडीच्या वरच्या अंगाला, जांभ्याच्या सड्यावरचे, म्हणजे उघड्या कातळमाळावरचे. बाप शिवा गुरव केदारलिंगाच्या देवळाचा पुजारी, आई काशी. दुसरे वर्ष सरता सरता पोरीला ताप भरला. ताप उतरला तो हातांतले बळ घेऊनच. उजवा हात माडाच्या सुकल्या झावळीसारखा खांद्यापासून लोंबू लागला. डावा छातीच्या वर उचलेना आणि त्याची बोटे मिटली ती मिटलीच. फक्त तर्जनी तेवढी ताठ राहिली, ऐकणारी राहिली.

आता पाहा देवाची गंमत. जपमाळ ओढताना तर्जनीला माळेपाशी येऊ देत नाहीत. तिला बाजूला ठेवतात, कारण ती दोष दाखवणारी, धाक घालणारी. सगळ्या बोटांत उपेक्षित असे ते बोट. देवाने तुळसेच्या हातात नेमके तेच ठेवले आणि म्हटले, "ये, तुझा जप मी यावरच मोजीन."

गुरवाच्या लेकीला फुले ओवता येत नाहीत, वात वळता येत नाही, याची वाडीतल्या बायका हळहळत चर्चा करीत. "देवानं काय ही थट्टा केलीन!" असे म्हणत. शिवा गुरव ते ऐके आणि पोरीला हाताला धरून देवळात नेई. त्याने तिला दुसरे काम दिले होते.

कोकणातल्या देवळात गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. कुणाची गाय हरवली, कुणाचा मुलगा मुंबईला आजारी पडला, कुणाची होडी खाडीबाहेर जायची आहे, तर तो माणूस नारळ घेऊन येतो. त्याला गाभाऱ्यात प्रवेश नसतो. तो सभामंडपातल्या दगडावर नारळ ठेवतो आणि आपले म्हणणे गुरवाला सांगतो. मग गुरव देवापुढे उभा राहून मोठ्याने गाऱ्हाणे म्हणतो. शब्द पिढ्यान्‌पिढ्यांचे, ठरलेले. त्यांत तीन जागा तेवढ्या मोकळ्या: नाव, गाव आणि मागणे. त्या जागी आजच्या माणसाचे शब्द बसतात, आणि जुने गाऱ्हाणे त्या क्षणी त्याच माणसाचे होऊन जाते. प्रत्येक वाक्याला मागे उभे असलेले लोक म्हणतात, "व्हय महाराजा!"

शिवा गुरवाला दम्याची धाप लागे. लोकांची लांबलचक कहाणी ऐकून घेणे त्याला झेपत नसे. ते काम तुळसेचे. ती दगडापाशी बसे, आलेल्याची कहाणी पुरी ऐकून घेई आणि बापाच्या कानात तीनच गोष्टी सांगे, त्याही क्रमाने. एकदा ती गाव सांगायला विसरली. बाप देवाकडे पाठ करून तिच्याकडे वळला.

"गाव नाय सांगितलास?"

"येसू म्हटलं की देवाला कळत नाय व्हय, बाबा?"

"मुलखात येसू थोड्या हायत काय गो? देवानं कुठल्या येसूच्या दारात जायचं? अर्धा शब्द नेलास तर अर्धंच मिळतं, आणि तेही शेजाऱ्याला."

ते वाक्य पोरीच्या मनात शिलालेखासारखे कोरले गेले.

पुढे ती शिकली. पाटीवरची पेन्सिल तर्जनी आणि तळवा यांच्या बेचक्यात धरून शिकली. बारावी झाली. गुहागरला संगणकाचा वर्ग निघाला तेव्हा तिथे जाऊन बसली. शिक्षक म्हणाले, "टंकलेखनाला दहा बोटं लागतात." ती म्हणाली, "सर, अक्षर तर एका वेळी एकच उमटतं ना?" सर हसले आणि त्यांनी खुर्ची पुढे केली. दोन कळा एकदम दाबायची वेळ आली की तिची अडचण होई. पण शिफ्टची कळ आधी दाबून सोडायची आणि अक्षर मागाहून दाबायचे, अशी सोय यंत्रातच होती. ती तिने पहिल्या आठवड्यातच शोधून काढली.

दोन हजार सालच्या दिवाळीनंतर तुळसा रत्नागिरीला आली. एका विश्वस्त संस्थेच्या नेत्ररुग्णालयात टंकलेखिकेची जागा रिकामी होती. व्यवस्थापक श्यामराव आगाशे यांनी तिला परीक्षेवर ठेवून घेतले. मोतीबिंदूची शिबिरे दापोलीला, गुहागरला, दाभोळला होत. तिथून म्हाताऱ्या माणसांना शस्त्रक्रियेसाठी इथे आणीत आणि पट्टी बांधून जीपने परत पोचवीत. जाताना प्रत्येकाच्या हाती एक पत्रक द्यायचे. त्यावर ठसठशीत अक्षरांत नाव, गाव, कोणत्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि कोणत्या डोळ्यात कोणते औषध घालायचे ते छापलेले. घरी गेल्यावर सून किंवा नातू ते वाचणार आणि त्याप्रमाणे थेंब घालणार. पत्रक चुकले तर थेंब चुकले. थेंब चुकले तर डोळा गेला.

हे पत्रक बनवण्याची युक्ती आधीच्या मुकुल नावाच्या तरुणाने करून ठेवली होती. तो आता पुण्याला नोकरीला होता. पत्रक म्हणजे वर्डची एक फाईल, आणि त्या फाईलच्या पोटात एक मॅक्रो, म्हणजे कागदातच दडवून ठेवलेली आज्ञावली. फाईल उघडली की मॅक्रो जागा होई आणि पडद्यावर चित्रे मांडी. एक हसरा चेहरा, औषधांच्या बाटल्या, गावांचा नकाशा. माऊसने चेहऱ्याच्या उजव्या डोळ्यावर टिचकी मारली की उजवा डोळा, बाटलीवर मारली की ते औषध. वॉर्डातल्या कमी शिकलेल्या बायकांनाही जमावे म्हणून मुकुलने मोठ्या मायेने चितारलेले काम ते.

आणि नेमकी ती मायाच तुळसेच्या आड आली. तिला माऊस धरता येत नव्हता. आकड्यांच्या कळांनी बाण सरकवायची सोय होती, पण तो बाण मुंगीच्या पावलांनी चाले, आणि बाहेर बाकांवर पट्ट्या बांधलेली माणसे जीपची वाट पाहत ताटकळत. मग टिचकी मारायला गोदूबाई येत. गोदूबाई म्हणजे वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या आयाबाई. हात कामाला आणि जीभ त्याहून तेज.

"काय गो तुळसे, तुझं नाव रजिस्टरात आणि बोट माझं! पगार पण अर्धा अर्धा करू या काय?"

"आज मारा टिचकी, गोदूमावशी. फार दिवस मारावी लागणार नाही."

"का गो? हात फुटणार हायत व्हय तुला?"

"हात नाही. वाट फुटणार आहे."

गोदूबाई हसत गेल्या. तुळसा मात्र हसली नाही. आगाशे काकांनी तिला आदल्याच दिवशी बोलावून सांगितले होते, "असं बघ, तुझ्या कामात खोट नाही. पण एका खुर्चीला दोन माणसं मी विश्वस्तांना कशी दाखवू? होळीआधी दापोली भागाचं मोठं शिबिर आहे. तोवर पत्रकं तुझी तुला काढता आली पाहिजेत. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल." ते वाईट माणूस नव्हते. खरे ते खरे म्हणणारे होते. आणि तुळसेला ठाऊक होते की ही खुर्ची गेली तर पुन्हा खुर्ची नाही. मग जन्मभर भावजयीच्या ओट्यावर बसायचे आणि दुसऱ्याच्या हाताने जेवायचे.

तिचे मागणे साधे होते. ही चित्रे नकोत, प्रश्न नकोत. काळ्या खिडकीत, जिथे नुसती आज्ञा टंकायची असते तिथे, एक ओळ लिहावी: पत्रक, मग नाव, गाव, डोळा, औषध. एंटर दाबावे आणि कागद छापून बाहेर पडावा. म्हणजे अगदी गाऱ्हाणे! ठरलेला मजकूर फाईलच्या पोटात, आणि मोकळ्या जागांतले शब्द बाहेरून, एका ओळीत, क्रमाने. एवढे एका बोटाला सहज जमणार होते.

पुस्तके चाळली. पण वाट दिसेना. मग दुपारच्या सुटीत तिने टेलिफोनच्या बूथवरून मुकुलला फोन लावला. रिसीव्हर तिच्या कानाशी आई काशीने धरला होता. तिची वेणी घालायला आणि तिला घास भरवायला म्हणून माउली दमेकरी नवऱ्याला गावी ठेवून लेकीबरोबर भाड्याच्या खोलीत राहत होती.

"मुकुलदादा, आज्ञा देताना फाईल उघडता येते. तिच्यातला अमुक मॅक्रो चालव, असंही सांगता येतं. मग त्याच्या हातात चार शब्द का देता येत नाहीत?"

"नाही देता येत," पलीकडून मुकुल म्हणाला. "वर्डला तशी सोयच ठेवलेली नाही. दार उघडून माणसाला जागं करता येतं, पण दारातून त्याच्या हातात काही देता येत नाही. मीही डोकं फोडलंय, तुळसा. म्हणून तर चित्रं काढली."

तुळसेच्या डोळ्यांपुढे देऊळ उभे राहिले. दगड, दगडावरचा नारळ, आणि नारळ उचलायला गाभाऱ्यातून बाहेर येणारा बाप.

"दादा, आमच्या देवळात गाभाऱ्यात कुणाला जाऊ देत नाहीत. लोक बाहेरच्या दगडावर ठेवून जातात. मग गुरवच बाहेर येतो नि उचलतो. आपल्याला आत द्यायला जमत नसेल, तर मॅक्रोला बाहेर येऊन घ्यायला सांगता येईल का?"

मुकुल मोठ्याने हसला. "अगं, आहे! असं अंगण आहे! काळ्या खिडकीत 'सेट' म्हणून एखाद्या नावाखाली शब्द ठेवता येतो, आणि मॅक्रोला तो शब्द त्या नावानं वाचता येतो. मला सुचलं कसं नाही?"

"तुमच्याकडे गुरव नव्हता," तुळसा म्हणाली, आणि रिसीव्हर धरलेली काशी आपल्याला काही न कळताही तोंडभर हसली.

मग ती तपाला बसली. सज्जनहो, एका तर्जनीने आज्ञावली लिहिणे म्हणजे काय, ते दहा बोटांच्या आपल्याला कळायचे नाही. टिटवीने चोचीने समुद्र उपसायला घ्यावा तसे ते. अक्षर, मग अक्षर, मग अक्षर. चुकले तर मागे, मागून पुन्हा पुढे. बोटाचे पेर सुजले. काशीने रात्री त्याला खोबरेल चोळावे आणि सकाळी लेकीने तेच बोट पुन्हा कळांवर ठेवावे. मुकुलने फोनवरून वाट सांगितली, चालली तीच.

पहिल्या प्रयोगात मौज झाली. पुढच्या तुकडीच्या यादीतले सखाराम भिवा पड्ये, गाव दाभोळ, असे तिने टंकले. पत्रक आले त्यात नाव नुसते सखाराम, गाव भिवा, आणि डोळ्याच्या जागी पड्ये! मधल्या मोकळ्या जागेला यंत्राने शब्दांची सीमा मानले होते. गोदूबाईंनी पत्रक पाहून पदर तोंडाला लावला. "भिवा गावाला कुठली यष्टी जाते गो?" तुळसाही हसली. तिने नावातले शब्द आडव्या रेघेने जोडायचे ठरवले, जशी फुले दोऱ्याने जोडतात तसे, आणि पत्रकात शिरताना ती रेघ पुसून टाकायला मॅक्रोला शिकवले. आडवी रेघ एकाच कळेवर होती. जिला जन्मात हार ओवता आला नाही, तिने असा दोरा घातला.

एक अडचण तेवढी राहिली. त्या काळात काळ्या खिडकीत मराठी दिसत नसे. नाव मराठी कळांनी टंकले तरी पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा चिवडा दिसे. तोच चिवडा पत्रकात गेला की मराठी रूप घेई. म्हणजे काय टंकले ते कागद हाती येईपर्यंत डोळ्यांना कळत नसे. तुळसा म्हणाली, "हरकत नाही. गाऱ्हाणंही बोलेपर्यंत कुठं दिसतं?"

शिबिराआधी लहानशी तुकडी आली, तेव्हा आगाशे काका स्वतः तिच्यामागे येऊन उभे राहिले. सखाराम पड्ये, दाभोळ, डावा डोळा. एक ओळ, एक एंटर. प्रिंटरने घरघर केली आणि कागद बाहेर आला. अचूक! माऊस बाजूला निजून होता.

"वा!" आगाशे काका म्हणाले. "थांब हं, वर्ड उघडाच आहे तर माझं एक आभारपत्र काढून ठेवतो." त्यांनी वाकून पत्र उघडले, चार ओळी वाचल्या आणि ते न मिटता पडद्याच्या तळाशी सरकवून ठेवले. "चालू दे तुझं."

एरवी तुळसा प्रत्येक पत्रकानंतर वर्ड पुरा बंद करी. सवयीने, देवळाचे दार ओढून घ्यावे तशी. त्या दिवशी काकांचे पत्र उघडे होते, म्हणून तिने बंद केले नाही. पुढच्या येसूबाई, गाव बुरोंडी, उजवा डोळा. जीपवाला बाहेर भोंगा वाजवत होता. एंटर दाबले, कागद आला, गोदूबाईंनी तो दुमडून येसूबाईच्या पिशवीत घातला आणि म्हातारीला हाताला धरून नेले. दुसऱ्या जीपने जायच्या तिसऱ्या माणसाचे पत्रक आले तेव्हा तुळसेची नजर त्यावर पडली. सखाराम भिवा पड्ये. दाभोळ. डावा डोळा.

तिसरे पत्रक सखारामाचे, तर दुसरेही सखारामाचेच. येसूबाई डाव्या डोळ्याचा कागद घेऊन निघाली होती. तिची शस्त्रक्रिया उजव्याची.

तुळसा उठली. कुणाची वाट पाहिली नाही. लोंबता हात अंगावर आपटत होता, पदर सुटला होता. अंगणातून, फाटकातून, चढावाच्या रस्त्याने ती धावली. जीप वळणावर वेग घेत होती. वर उचलून जीप थांबवावी असा हात तिला नव्हता. ती सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ब्रेक करकरले.

"मरायचंय काय?" जीपवाला ओरडला.

"येसूबाईंचा कागद चुकलाय! परत द्या!"

मागच्या बाकावरून पट्टीखालचा एक मिश्कील चेहरा बाहेर आला. "काय झाला गो बाय? माज्या कागदावर काय हाय?"

"तुम्ही सखाराम पड्ये झालायत, आजी."

"अगो बाय! सत्तर वर्सं बुरोंडीत बाई म्हणून काढली नि तू एका दुपारात पुरुष केलास!" जीपभर हशा झाला. तुळसेच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होते, आणि ते पुसायला तिने खांदा गालाला घासला.

आगाशे काकांनी येसूबाईला खरे पत्रक हाताने लिहून दिले, मगच जीप सुटली. मग त्यांनी तुळसेला समोर बसवले. आवाज चढवला नाही. "माझा राग नाही. तू धावलीस म्हणून म्हातारीचा डोळा वाचला. पण डोळ्याच्या बाबतीत 'चुकलं' हा शब्द मला परवडत नाही. तुझी ती एका ओळीची रीत बंद."

"काका, होळीआधीच्या शिबिरापर्यंतची मुदत तुम्हीच दिलीत. ती अजून सरली नाही."

"आणि पुन्हा असं झालं तर?"

"तर खुर्ची मीच सोडीन. पण चूक कुठं झाली ते कळल्याशिवाय उठणार नाही."

काकांनी मान डोलावली. "बरं," म्हणाले. "तोवर पत्रकं चित्रांवर. गोदूबाई टिचकी मारतील." त्या दिवशी पहिल्यांदाच टिचकी मारताना गोदूबाईंनी पगाराचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी फोनवर मुकुलने सगळे ऐकून घेतले आणि कपाळाला हात मारल्याचा आवाज तारेवरून आला. "तुळसा, वर्ड जागा होताना अंगणात जे दिसतं त्याची नक्कल करून आत घेऊन जातो. मग तू बाहेर शब्द बदललेस तरी तो बाहेर बघतच नाही. आपल्या जवळची नक्कल वाचतो. तू दर वेळी वर्ड बंद करत होतीस म्हणून दर वेळी नवी नक्कल होत होती. त्या दिवशी बंद केला नाहीस."

"म्हणजे कालचं निर्माल्य उतरवलंच नाही," ती पुटपुटली.

"काय?"

"दादा, बाबा पहाटे आधी निर्माल्य काढतात, मग नवं फूल वाहतात. शिळं फूल देवावर राहिलं तर नवी पूजा होत नाही. आणि नारळ दगडावरून उचलला की दगड रिकामा होतो. दुसऱ्याच्या नारळावर माझं गाऱ्हाणं कसं होईल? मला असा दगड हवा की जिथून उचललं की काही उरत नाही."

"मग अंगण सोड. तुझ्या चार शब्दांची एक छोटी मजकुराची फाईल कर. मॅक्रोनं ती वाचायची आणि वाचताक्षणी पुसून टाकायची."

"आणि फाईल नसलीच, किंवा चारांतला एक शब्द कमी असला, तर?"

"तर छापायचं नाही."

"व्हय महाराजा," तुळसा म्हणाली.

पुन्हा ते बोट, पुन्हा त्या कळा. पण या वेळी तिने आणखी एक गोष्ट ठरवली, जी कुठल्याही मॅक्रोत लिहिता येत नव्हती. बाप गाऱ्हाणे मनात म्हणत नसे. मोठ्याने म्हणे, आणि ज्याचे गाऱ्हाणे तो मागे उभा राहून "व्हय" म्हणे. त्याने "व्हय" म्हटले नाही तर गुरव पुढे जात नसे. येसूबाईचा कागद दुमडून पिशवीत गेला होता, न वाचता, न ऐकवता. चूक यंत्रात झाली होती, पण ती पिशवीपर्यंत पोचली त्याचे कारण ती रीत मोडली हे होते.

शिबिराचा दिवस उजाडला. आदल्या दिवशीच शस्त्रक्रिया झालेली दापोलीची, हर्णैची, बुरोंडीची माणसे परतीसाठी जमली होती. बाक भरले, ओटा भरला. आगाशे काकांनी खुर्ची ओढली आणि मुद्दाम आपले पत्र वर्डमध्ये उघडून ठेवले.

"हे उघडंच राहणार," ते म्हणाले.

"राहू दे, काका."

"आणि आता काहीच न लिहिता पत्रक उघडतो." त्यांनी उघडले. प्रिंटरमधून कागद आला नाही. पडद्यावर एकच ओळ उमटली: दगडावर काही ठेवलेले नाही. पत्रक निघणार नाही.

काकांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी काळ्या खिडकीत कुणाचे तरी नाव घातले, गाव घातले, औषध घातले, डोळा तेवढा गाळला. पुन्हा नकार. "डोळा सांगितल्याशिवाय नाही म्हणतोय गं हा!"

"अर्धा शब्द नेला तर अर्धंच मिळतं, काका. म्हणून अर्धं घेतच नाही."

मग ती बसली आणि तर्जनी चालू लागली. नाव, गाव, डोळा, औषध. एंटर. कागद आला की तो समोरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा. "तुमचं नाव अमुक, गाव अमुक, डोळा उजवा, थेंब उजव्यात. खरं ना?" माणसाने "व्हय" म्हटले की मगच गोदूबाईंनी कागद दुमडायचा. पहिल्या दोघातिघांना ते विचित्र वाटले. मग बाकांवर रीत पसरली. एकाचे पत्रक वाचले जाई आणि सगळा ओटा म्हणे, "व्हय महाराजा!" पट्ट्यांखाली चेहरे हसू लागले. शिबिराचे देऊळ झाले.

येसूबाई पट्टी सोडवून तपासणीसाठी आली होती. डोळा स्वच्छ, निर्मळ. तिने तुळसेसमोर बसून विचारले, "आज मी कोण हाय गो? बाई का बाप्या?"

"येसूबाई, गाव बुरोंडी, डोळा उजवा. खरं ना, आजी?"

"व्हय गो माजे बाय! आणि आता तुजं तोंड पण दिसलं हो मला. त्या दिवशी जीपमधून नुसता आवाज ऐकलेला."

संध्याकाळी बाक रिकामे झाले. आगाशे काकांनी टेबलावरचा माऊस उचलून कपाटात ठेवला आणि म्हणाले, "ही जागा तुझी. तुझ्या एकटीची. विश्वस्तांना मी सांगतो." गोदूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बघा हो काका! गणपतीच्या उंदराला ही हात लावत नाय, तरी गणपती हिच्यावरच खूश!" आणि त्यांनी पुढे होऊन तुळसेचे सुजले बोट आपल्या हातांत धरून त्यावर हळूच फुंकर घातली.

होळीला तुळसा गावी गेली. देवळात बाप उभा होता, मागे काशी, मागे वाडी. नारळ दगडावर होता. बापाने विचारले, "नाव ठाऊक, गाव ठाऊक. मागणं काय घालू?"

"काही नको, बाबा. मागणं रिकामं ठेवा."

शिवा गुरव हसला, खोकला, पुन्हा हसला. "रिकामं गाऱ्हाणं देव घेत नाय. तूच शिकवलास ना तुझ्या यंत्राला?"

तुळसेने थोडा विचार केला. "मग असं म्हणा. हे बोट झिजलं तर झिजू दे, पण कुणाचं काम याच्यापाशी अडू नये. आणि आई आता तुमच्यापाशी राहू दे. मला घास भरवायला गोदूमावशी आहेत. त्यांनी स्वतःहून तसं कबूल केलंय."

बापाने देवाकडे तोंड केले. एकेक शब्द सावकाश म्हटला, एकही गळला नाही. आणि सारी वाडी म्हणाली, "व्हय महाराजा!"

हे केदारलिंगा, हे समुद्रतीरीच्या गजानना, आम्हीही त्या वाडीच्या मागे उभे राहून तेच म्हणतो. तुळसा शिवा गुरव हिची तर्जनी अखंड चालती राहो. तिच्या हातून निघालेल्या प्रत्येक कागदाबरोबर कुणाच्या तरी घरात उजेड जावो. शिवा गुरवाचा श्वास मोकळा होवो, काशीमाउलीच्या चुलीला धग आणि मनाला गारवा लाभो. गोदूबाईंची जीभ अशीच तेज राहो आणि हात असाच मऊ. त्या नेत्ररुग्णालयाच्या ओट्यावर येणारा कुणी अर्ध्या शब्दाने, रिकाम्या हाताने परत न जावो. नाव सांगितले, गाव सांगितले, मागणे सांगितले. आता, देवा, तू "व्हय" म्हण.